आखाजीच्या सुटीचा ठराव

झेंडावंदन आटोपून हेमराज घरी परतला, तेव्हा ओट्यावर कालच्या पुरणपोळ्यांचा नाश्ता चालला होता आणि घर दोन पक्षांत वाटलं गेलं होतं.

तो गेला तेव्हा घरात एकच पक्ष होता, आबांचा.

"काय झालं?" त्याने टोपी खुंटीला अडकवत विचारलं.

त्याचे वडील पितांबरआबा ताटातला आमरस बोटाने फिरवत होते. धाकटा भाऊ हितेंद्र मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. तो जळगावला पाइपाच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि आखाजीसाठी कालच बायको-पोराला घेऊन गावी आला होता. बहीण ज्योत्स्ना दाराला टेकून उभी होती. एकटी अक्का, या तिघा भावंडांची आई सुनंदाबाई, शांतपणे पोळीवर तूप सोडत होती.

"अक्का म्हणतेय, तिचा हात आखाजीला," ऋतिकाने सांगून टाकलं. ती हेमराजची मुलगी, जानेवारीत अठरा पूर्ण झालेली. आज ग्रामसभेत पहिल्यांदाच तिचं मत मोजलं जाणार होतं.

हेमराज हसला. त्याला वाटलं, चेष्टा चालू आहे.

ग्रामसभा दहाला होती. गेले दोन महिने खान्देशातल्या गावागावांत एकच विषय होता. जळगावला सगळ्या गावांची मोठी बैठक झाली होती आणि तिथं ठरलं होतं, की राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत खान्देशाचा म्हणून एक दिवस असला पाहिजे. तो कोणता, हे लोकांनीच ठरवायचं. एक मेच्या ग्रामसभेत हात वर करून प्रत्येक गावाने एकच दिवस निवडायचा आणि ज्या दिवसाला जास्त गावं, त्याची मागणी मुंबईला जायची. या गावापुढे दोन नावं होती. एक आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी यायचा अक्षय्यतृतीयेचा सण, आणि दुसरं सत्तावीस डिसेंबर, म्हणजे सहा किलोमीटरवरच्या फैजपूरला छत्तीस साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं तो दिवस.

सत्तावीस डिसेंबर या घराचा होता. आबांचे वडील वनाजी सोळाव्या वर्षी त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते. मंडपाच्या मुख्य दाराशी उभे राहून त्यांनी मोठमोठ्या पुढाऱ्यांना आत सोडलं, ही गोष्ट आबांनी गावाला पन्नास वर्षं सांगितली होती. हेमराज ग्रामपंचायतीचा सदस्य. ठरावाचा मजकूर त्यानेच टाइप करून आणला होता आणि तिसऱ्या ओळीत आजोबांचं नाव घातलं होतं. भाऊबंदांची पन्नास-साठ मतं आबांच्या शब्दावर होती. दिवस निवडून आला तर गावाच्या वेशीवर वनाजींच्या नावाची कमान उभी करायची, इथपर्यंत त्याने मनात ठरवून ठेवलं होतं.

"अक्का, थट्टा करतेस ना?" त्याने विचारलं.

"थट्टा कायले करू? आखाजीले हात वर करीन म्हटलं."

"अगं, आपल्या घरचा ठराव आहे."

"घरचा हाये, मले माहीत हाये. माहा हात बी घरचाच हाये."

आबांनी ताट सरकवलं. अर्धी पोळी तशीच होती. "पंचावन्न वर्षांत हिने माह्याहून वेगळं मत दिलं नाही," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "आन आज, बापाच्या नावाच्या दिवशी."

ते काठी घेऊन उठले आणि मागच्या केळीच्या बागेकडे चालू लागले.

हितेंद्रने मान वर केली. "मी तर आबांच्याच बाजूने आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "नाताळ, मग सत्तावीस. मधला एक दिवस रजा टाकली की यंदा रविवार धरून चार दिवस मोकळे."

"तू गप रे," ज्योत्स्ना म्हणाली.

*

ज्योत्स्नाला या वादात बोलण्याचा हक्क नव्हता आणि ते तिला सकाळपासून टोचत होतं. ती धुळ्यात सरकारी कार्यालयात कारकून होती. तिचं नाव धुळ्याच्या मतदारयादीत; हितेंद्रचं मात्र अजून गावच्याच यादीत होतं. ग्रामसभेत ती मागे बसून ऐकू शकत होती, हात वर करू शकत नव्हती. काल गावातल्या झोक्यांवर ज्या लेकी आल्या होत्या, त्यांच्यापैकी कोणालाच तो वर करता येणार नव्हता.

ती स्वयंपाकघरात आली. अक्का सांजोऱ्या डब्यात भरत होती. कोपऱ्यात पाटावर काल पितरांसाठी भरलेली मातीची घागर होती, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं. वनाजींच्या नावाची ती घागर दरसाल अक्काच भरायची.

"माझ्यासाठी भांडतेयस का?" ज्योत्स्नाने विचारलं. "चार वर्षं मला आखाजीला येता आलं नाही, म्हणून? यंदा साहेबाशी भांडून एक दिवस काढला मी. पुढंही काढीन. त्यासाठी आबांना दुखवू नकोस."

"तुह्यासाठी बी."

"आणि?"

अक्काने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, पुन्हा काढून लावलं.

"माहं लग्न झालं त्याच्या पहिल्याच आखाजीले हिलालभाऊ मले न्यायले आला," ती म्हणाली. हिलाल म्हणजे तिचा मोठा भाऊ, नरडाण्याजवळच्या गावी राहणारा. "नरडाण्याहून आगगाडीने जळगाव, तिथून एसटीने फैजपूर, मग पायी. मामंजी त्याले म्हणाले, आखाजीले जुने सालदार गडी जातात, नवे येतात. आठ-दहा माणसांच्या भाकरी कोण टाकील? पुढल्या साली धाडू. तो परत गेला. पुढल्या साली आला, पुन्हा तेच."

ज्योत्स्ना खाली बसली.

"तिसऱ्या साली आला तेव्हा त्याने सांगितलं, आपली माय बिमार शे, तुले देखाले मांगस." अक्काचा आवाज बदलला. नरडाण्याकडची बोली तिच्या तोंडात इतकी वर्षं दडून होती, ती आपोआप वर आली. "मामंजी म्हणाले, पावसाआधी धाडू. भाऊ ओट्यावर बसला. जेवला नही. पानी पिना आनि चालना ग्या. श्रावणात माय गेली."

"आणि आबा?"

"दाराशी उभे होते."

"काही बोलले नाहीत?"

"त्या वेळी कोण बोले बापापुढं?" अक्काने पदराने डबा पुसला. "पुढं मी जायचं नावच काढलं नाही. लग्नाकार्याला जाऊन आले. आखाजीले एकदाबी नाही."

"हे तू कधी सांगितलं नाहीस आम्हाला."

"कोणाले सांगू? त्याहीचा बाप, तुमचा आजा. मानूस वाईट नव्हता. मी तापाने फणफणले तेव्हा जळगावच्या दवाखान्यात आठ रात्री बाकड्यावर झोपले होते मामंजी. पण आखाजीचं त्याहीले कळलंच नाही."

"सभेत सांगणार आहेस हे?"

अक्काने डबा फळीवर ठेवला. "चल," ती म्हणाली, "बाया समाजमंदिरात पोचल्या असतील."

ज्योत्स्ना बाहेर आली ती थेट हितेंद्रकडे. गाडी पुसत असलेल्या भावाला तिने पाच मिनिटांत सगळं सांगितलं. हितेंद्रच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"हेमराजभाऊला माहीत आहे?"

"नाही."

"सांगू नको आत्ता. ठराव तोच वाचणार आहे." त्याने फडकं गाडीच्या टपावर टाकलं. "माझं मत आखाजीला. नाताळची रजा बघू दुसऱ्या कुठल्या मार्गाने."

*

पितांबरआबा समाजमंदिरात सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांना घाम फुटला होता. पंखे फिरत होते, पण हवा तापलेली होती. महिलांची वेगळी ग्रामसभा काल व्हायची होती, पण ऐन आखाजीच्या दिवशी तिला एकही बाई गेली नव्हती. त्या सगळ्या आज इथं आल्या होत्या. सतरंजीचा डावा भाग भरून गेला होता.

बायकोने आज वेगळी बाजू का धरली, हे आबांना पोळी खातानाच कळलं होतं. बागेत जाऊन ते केळीच्या घडांकडे बघत बसले, तरी डोळ्यांपुढं हिलालचे धुळीने माखलेले पाय येत राहिले. पन्नासहून जास्त वर्षं या गोष्टीचा शब्द घरात निघाला नव्हता. आज ती गावापुढं बोलली तर? वेशीवर कमान राहिली बाजूला, म्हाताऱ्याचं नाव लोक वेगळ्याच कारणाने घेतील.

ग्रामसेवक कुंदनने हजेरीचं पुस्तक बंद केलं. "एकशे एकोणसाठ. कोरम झाला. विषय पहिला, सुटीचा."

हेमराजने ठराव वाचला. आवाज खणखणीत. वनाजींचं नाव आलं तेव्हा भाऊबंदांनी टाळ्या वाजवल्या. किराणा दुकानदार शांतीलालशेठ उठून म्हणाले, "मी आखाजीच्या बाजूचा. आम्ही जैन, माझ्या बायकोने, पानबाईने, वर्षभराचे उपवास केले, ते काल उसाच्या रसाने सोडले. आमचाही तोच दिवस आहे. पण आबांपुढं हात वर करायचा म्हणजे जिवावर येतं."

लोक हसले. मग बायकांमधून सुनंदाबाई उठल्या.

त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या. कुंदनने माईक पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

"काल झोक्यावर नऊ पोरी व्हत्या," त्या म्हणाल्या. "मी मोजल्या. आपल्या गावच्या लेकी किती हायेत? दोनशे तरी असतील. ज्या आल्या नाहीत त्याहीची नावं सांगते. रतिलालभाऊ, तुमची ज्योती पुण्याले बँकेत हाये. सहा आखाज्या झाल्या, तुमी तिले पाहिलं नाही. तुमी काल संध्याकाळी एसटी स्टँडवर कायले गेले व्हते, मले माहीत हाये."

रतिलालने मान खाली घातली.

"शांतीलालशेठ, तुमची हिना."

"माझी हिना सुरतेला आहे, अक्का," शांतीलाल म्हणाले. "तिथं आपल्या राज्याची सुटी चालत नाही."

"मंग तिथं बी ठराव करा. तुमच्या पोराले, जिनेशले धाडा."

सभा हसली. शेवटच्या रांगेत ऋतिकाही मोठ्याने हसली. सुनंदाबाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी आणखी सात-आठ नावं घेतली. कोणाची नाशिकला, कोणाची ठाण्याला, कोणाची इथंच तीस किलोमीटरवर. प्रत्येक नावाला सतरंजीवरचा एकेक बाप नाहीतर भाऊ चुळबुळत होता.

"सगळ्यांच्या साहेबाचं म्हणणं एकच," त्या म्हणाल्या. "आज सुटी नाही. सासरच्यांचं बी तेच असतं. घरी काम हाये, पुढल्या साली जा. सरकारने तारीख लाल केली तर असं म्हणायले कोणाले तोंड राहत नाही."

आबांनी काठी घट्ट धरली. आता येणार.

सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पुरता एक क्षण पाहिलं. "एवढंच सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

समाजमंदिरात बायकांच्या बांगड्या वाजल्या, टाळ्यांनी. आबा बसून होते. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. तिने आपल्यासाठी तोंड मिटलं, हे त्यांना कळलं, आणि त्या दिवशी दाराशी आपणही तोंडच मिटलं होतं.

"मतदान घेऊ या," कुंदन म्हणाला.

"थांब," आबा म्हणाले. "मले बोलायचं हाये."

ते उठले. हेमराज आधाराला पुढे आला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

"माहा बाप अधिवेशनात मंडपाच्या दाराशी उभा व्हता, असं मी तुमाले सांगत आलो. तो दाराशी नव्हता. मंडपाच्या मागं लोकांसाठी संडासाचे चर खणत व्हता. आठ दिवस खणले, आन अधिवेशन उठल्यावर बुजवून घरी आला. त्याले त्याची लाज नव्हती. जेवताना सांगायचा, कोणता चर किती हात खोल. लाज मले वाटली. म्हणून मी त्याले दाराशी नेऊन उभं केलं."

हेमराजच्या हातातला कागद खाली आला.

"दुसरी गोष्ट. हिचा भाऊ तीन साल आखाजीले न्यायले आला. माह्या बापाने तिन्ही साल त्याले परत धाडलं. तिसऱ्या साली हिची माय आजारी व्हती, ती त्याच साली गेली. मी तिथं उभा व्हतो. चोवीस-पंचविशीचा, मिशा फुटलेला. एक शब्द बोललो नाही. हिने आता ते तुमाले सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हातारा तसा बी व्हता आन असा बी व्हता. माहा हात त्याच्याच दिवसाले जाईल. मी त्याचा पोरगा हाये, मी नाही वर केला तर कोण करील? पण भाऊबंदांनो, माह्याकडे पाहून हात वर करू नका. तुमच्या घरी लेकी हायेत, त्याहीच्याकडे पाहा. झालं माहं."

कुंदनने घसा साफ केला. "सत्तावीस डिसेंबर. हात वर."

आबांचा हात गेला. मागे चार म्हाताऱ्यांचे गेले, शाळेतल्या निवृत्त गुरुजींचा गेला. आणि शेवटच्या रांगेतून एक बारीक, मेंदीने रंगलेला हात वर आला. हेमराजने मान वळवून पाहिलं. ऋतिका.

"सात," कुंदन म्हणाला. "आता आखाजी."

डावी बाजू सगळी उठल्यासारखी झाली. मग उजवीकडे रतिलाल, शांतीलाल, हितेंद्र, एकामागून एक भाऊबंद. हेमराज ठरावाचा कागद धरून उभा होता. त्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि हात वर केला.

"एकशे बावन्न," कुंदनने दोनदा मोजून सांगितलं. "आखाजीचा ठराव मंजूर."

बाहेर आल्यावर आबांनी नातीला गाठलं. "तू कायले माह्याकडे आली गं? मी एकटा दिसलो म्हणून?"

"नाही," ऋतिका म्हणाली. "तुमची दाराशी उभं राहायची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. मला ती कधी खरी वाटली नव्हती. चर खणायची आवडली. त्या माणसाला सुटी मिळायला हवी असं वाटलं."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांचे सगळे राहिलेले दात दिसले.

*

सुनंदाबाई घरी आल्या तेव्हा सुनेने पानं मांडली होती. आबा त्यांच्या आधी येऊन बसले होते. सकाळची अर्धी पोळी त्यांनी मागून घेतली होती आणि ती खात होते.

"हात बदलला नाही, म्हणून रागावली का?" त्यांनी विचारलं.

"बदलला असता तर रागावले असते," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर तुमीच म्हणाले असते, तुह्यासाठी बापाले सोडलं. जन्मभर ऐकावं लागलं असतं."

ओट्यावर हेमराज हसला. सभेनंतर तो पहिल्यांदाच हसला होता. "कमानीचं काय करायचं, आबा?"

"कमान नको. शाळेत पोरांसाठी चांगले संडास बांध आन त्याच्यावर त्याचं नाव टाक. त्याले आवडलं असतं."

जेवणं झाल्यावर सुनंदाबाई आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत दोन लुगडी आणि सांजोऱ्यांचा डबा होता. ज्योत्स्नाला आजच धुळ्याला परतायचं होतं, हितेंद्र तिला सोडायला निघाला होता.

"चोपडा, शिरपूरवरून जाशील ना?" त्यांनी त्याला विचारलं. "नरडाणा वाटेतच हाये. मले तिथं सोड."

ज्योत्स्नाने मोबाईल लावला आणि तो आईच्या कानाशी धरला. पलीकडून हिलालमामांचा आवाज एवढा मोठा आला की सगळ्यांना ऐकू गेला. "ये व बहीण, ये! आठे बठ्ठा तुनी वाट देखी राहिनात." तिथं सगळे तिची वाट बघत होते.

"आखाजी काल झाली," आबा म्हणाले.

"एक दिवस उशीर झाला, चालेल."

आबांनी जोडे पायात घातले. "मी बी येतो."

"तुमी कायले?"

"हिलालला भेटायचं हाये."

सुनंदाबाईंनी गाडीत मागच्या सीटवर सरकून त्यांना जागा केली.

वाटभर ऊन होतं. चोपड्याच्या पुढे केळीच्या बागा संपल्या आणि कापसाची मोकळी, नांगरलेली रानं लागली. शिरपूरला पूल ओलांडताना तापीचं पाणी पाहून सुनंदाबाईंनी नकळत हात जोडले. त्या एकीकडे खिडकीतून बघत होत्या आणि दुसरीकडे ज्योत्स्नाला सांगत होत्या, त्या बाजूला मामाचं शेत होतं, त्या बाजूला शाळा, आता तिथं कारखाने आलेत. आबा झोपल्याचं सोंग करून ऐकत होते. हा आवाज, हे भराभर बोलणं त्यांनी बायकोच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पाच वाजता गाडी हिलालमामांच्या दारात थांबली. ऐंशी ओलांडलेले हिलालमामा ओट्यावरून काठीशिवाय खाली आले. बहिणीला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, ते सोडेनात. अंगणातल्या लिंबाला झोका होता, त्यावर त्यांच्या दोन नाती बसल्या होत्या, त्या उठून जागा करू लागल्या.

मग त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा गाडीच्या दाराशीच उभे होते.

"हिलालभाऊ," ते म्हणाले, "त्या वेळी माहं चुकलं. तुमी जेवले नव्हते."

हिलालमामा त्यांच्याजवळ गेले. "मी भुक्या ग्या होतू, हाई खरं शे," ते म्हणाले. "तुमी मात्र आज जेवीसनच जावा." आणि आबांचा हात धरून त्यांना ओट्यावर घेऊन गेले.

आमरस आणि मांडे झाले. आबा दोनदा वाढून घेऊन जेवले. सूर्य कलला तेव्हा हितेंद्रने गाडीची किल्ली हातात घेतली. ज्योत्स्नाला धुळ्याला सोडून आबांना घेऊन त्याला परत गाव गाठायचं होतं.

"कितला दिन राहशी, बहीण?" हिलालमामांनी विचारलं.

आबांनी सवयीने तोंड उघडलं, परवा येतो न्यायला असं सांगण्यासाठी. सुनंदाबाई झोक्यावर बसल्या होत्या, पाय जमिनीला टेकलेले, हिलालमामांची नात मागून हलकेच झोका देत होती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"आते तं येल शे," त्या भावाला म्हणाल्या. "जावानं मंग देखसू."

आता तर आलेय, जायचं मग बघू, हे आबांनाही कळलं. ते मिटल्या तोंडाने हसले आणि गाडीत जाऊन बसले.